खुला मंच : ओपन माइकची संध्याकाळ सुरू करणे आणि चालवणे

या पाठात आपण ओपन माइक म्हणजेच खुल्या मंचाचा कार्यक्रम कसा उभा करायचा आणि तो महिन्यामागून महिना कसा चालता ठेवायचा, हे पाहणार आहोत. कॉलेजजवळचा एखादा कॅफे, गावातल्या वाचनालयाचे सभागृह, महाराष्ट्र मंडळाची खोली, वसतिगृहाची गच्ची अशी कोणतीही जागा यासाठी चालते. कार्यक्रमाची व्याख्या सोपी आहे. ज्याला काही सादर करायचे आहे त्याने यादीत नाव लिहावे, पाळी आल्यावर ठरलेली मिनिटे घ्यावीत आणि खाली येऊन इतरांचे ऐकावे. कविता, गाणे, गोष्ट, विनोद, एकपात्री प्रवेश असे काहीही चालते. निवड चाचणी नसते, निमंत्रण नसते आणि मानधनही बहुधा नसते.

इथेच त्याचा आपल्या ओळखीच्या कविसंमेलनाशी फरक पडतो. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन केले, तेव्हा लोक त्या तिघांना ऐकायला येत. खुल्या मंचावर कोण येणार हे तुम्हालाच सहा वाजेपर्यंत ठाऊक नसते. श्रोते कोणाच्या नावावर येत नाहीत, आणि त्यामुळे कोणासाठी थांबतही नाहीत. आयोजकाच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उगवतात.

श्रोत्यांचा संयम : जुना प्रश्न, निरनिराळी उत्तरे

अनेकांनी एकापाठोपाठ सादर करायचे म्हटले की श्रोत्यांचा संयम अपुरा पडतो. हा प्रश्न नवा नाही. पारंपरिक मुशायऱ्यात ज्याची पाळी असेल त्या शायरासमोर शमा, म्हणजे पेटती मेणबत्ती, ठेवली जाई. नवखे आधी वाचत, उस्ताद शेवटी. ही प्रथा मानापानाची वाटते, पण तिचा व्यावहारिक उपयोग मोठा होता. उस्तादांना ऐकण्यासाठी सगळे शेवटपर्यंत बसत, आणि नवख्यांना आयते भरलेले दालन मिळे.

न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘गर्डीज फोक सिटी’ या क्लबमध्ये सोमवारी रात्री कोणालाही गाता येत असे. व्यवसायाच्या दृष्टीने मंदीचा वार नवख्यांना देण्याची ही युक्ती आजही जगभर वापरली जाते. लंडनमध्ये १९७९ साली ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले. तिथे श्रोते कंटाळले की सूत्रसंचालक घंटा वाजवी आणि विनोदकाराला मुकाट्याने खाली यावे लागे. शिकागोमध्ये मार्क स्मिथ यांनी १९८६ साली ‘ग्रीन मिल’ या जॅझ क्लबमध्ये ‘पोएट्री स्लॅम’ सुरू केले. त्यात श्रोत्यांतूनच पंच निवडले जातात आणि ते कवितेला शून्य ते दहा गुण देतात. पुढे स्लॅमच्या स्पर्धांमध्ये ३ मिनिटांची मर्यादा रूढ झाली. वर १० सेकंदांची सवलत, आणि त्यानंतर दर १० सेकंदांना अर्धा गुण वजा. मुंबईत २०१० साली ‘कॉमेडी स्टोअर’ची शाखा निघाली, आणि त्यानंतरच्या दशकात मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली या शहरांत विनोदाचे आणि कवितेचे खुले मंच कॅफेंमधून दिसू लागले.

शमा, घंटा, गुण ही सगळी साधने श्रोत्यांना शेवटपर्यंत खुर्चीत ठेवण्यासाठी आहेत. साध्या खुल्या मंचावर यातले काहीच नसते. तिथे हे काम घड्याळ, यादी आणि सूत्रसंचालक या तिघांना करावे लागते. म्हणून एखादी संध्याकाळ यशस्वी झाली का, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो : यादीतल्या शेवटच्या नावाला पहिल्या नावाइतके श्रोते मिळाले का?

एक फसलेली संध्याकाळ

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पहिला कार्यक्रम घेतला, तेव्हा २६ नावे आली. आम्ही खूश झालो आणि सगळी घेतली. पोस्टर होते, पाहुणे होते, पाहुण्यांचे भाषण होते, शाल आणि नारळही होते. सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला. नऊ वाजता निम्मी यादीही संपली नव्हती, आणि ज्यांचे सादरीकरण झाले ते आपापल्या मित्रांना घेऊन जिना उतरू लागले होते.

बाविसाव्या क्रमांकावर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे नाव होते. ती शेजारच्या गावाहून आली होती आणि अडीच तास वही मांडीवर घेऊन बसली होती. साडेनऊच्या सुमारास तिचे नाव पुकारले, तेव्हा खुर्ची रिकामी होती. शेवटची एस.टी. पावणेदहाला सुटते, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होते. पण तिला कोणी विचारलेच नव्हते. ती पुन्हा आली नाही. यादीत प्रत्येक नावापुढे ‘किती वाजेपर्यंत थांबू शकता?’ असा रकाना त्या दिवसापासून आम्ही ठेवतो. त्या एका रकान्याने जेवढे काम केले तेवढे शाल-नारळाने कधी केले नाही.

मिनिटांचा हिशेब

आता तो कार्यक्रम कागदावर मांडून पाहू. समजा, तुमच्याकडे सात ते साडेनऊ, म्हणजे १५० मिनिटे आहेत. सुरुवातीला उशीर १० मिनिटे (हा धरायचाच), प्रास्ताविक ५, मध्यंतर १५ जाहीर केले तरी प्रत्यक्षात २०, समारोप ५. झाली ४० मिनिटे. उरली ११०.

एकाला ५ मिनिटे द्यायची ठरवली, तर तो खरोखर ५ मिनिटांत उरकत नाही. नाव पुकारणे, खुर्च्यांमधून वाट काढत येणे, माइकची उंची बदलणे, टाळ्या, परत जाणे आणि थोडे लांबणे हे सगळे धरले की प्रत्येकी सरासरी ७ मिनिटे जातात. गिटार किंवा हार्मोनियम असेल तर ९ धरा. ११० मिनिटांत दोन गाणारे आणि तेरा बोलणारे बसतात, म्हणजे एकूण १५. सव्वीस नावे घेतली तर नुसत्या सादरीकरणाला १८२ मिनिटे लागतात. वरची ४० मिळवली की २२२ मिनिटे, म्हणजे ३ तास ४२ मिनिटे. सातला सुरू झालेला कार्यक्रम रात्री १० वाजून ४२ मिनिटांनी संपेल. आमचे नेमके तेच होत होते. फक्त हे गणित आम्ही आधी केले नव्हते.

म्हणून यादी पंधरावर बंद करा. सोळाव्याला नाही म्हणणे जड जाते, पण त्याचे नाव पुढच्या महिन्याच्या यादीत पहिल्या पाचांत तिथल्या तिथे लिहून दाखवा. लिहिलेले दिसले की माणूस रागावत नाही. सगळ्या पंधरा जागा मात्र फोनवर आधीच भरू नयेत. दहा आधी द्याव्यात आणि पाच ऐनवेळी आलेल्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. ज्याला आधी नाव द्यायचा धीर होत नाही, पण तिथे बसल्यावर ‘आपणही बोलावे’ असे वाटते, तो माणूस या पाच जागांतून मंचावर येतो.

जागा शोधणे आणि मालकाशी बोलणे

कॅफेच्या मालकाकडे ‘आम्हाला कलेसाठी जागा द्या’ म्हणून जाऊ नका. आधी दोन-तीनदा तिथे चहा प्या, कोणत्या वारी टेबले रिकामी असतात ते पाहा आणि मग विचारा, “काका, मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडे गर्दी कमी असते. त्या वेळेला आम्ही तीस-चाळीस जणांना आणले तर चालेल का? प्रत्येक जण काही ना काही ऑर्डर करेल, आणि साडेनऊला आम्ही खुर्च्या जागेवर लावून देऊ.” मालकाला यात आपला फायदा दिसतो आणि तुमच्या जबाबदारीची हद्दही कळते. बिलाची पद्धत त्याच वेळी स्पष्ट करा. माणशी किमान ऑर्डर असणार की आत येतानाच ठरावीक रक्कम घेऊन तिचे कूपन देणार, हे आधी ठरले नाही, तर पहिल्याच रात्री तीस लोक आणि सात चहा असा प्रकार होतो आणि दुसरी रात्र मिळत नाही.

जागा पाहताना मंच कुठे असेल याआधी दार कुठे आहे ते बघा. दार मंचाशेजारी असेल, तर उशिरा येणारा प्रत्येक जण सादर करणाऱ्याच्या अंगावरून जातो. दार श्रोत्यांच्या पाठीमागे हवे. कॉफीचे यंत्र आणि मिक्सर मंचापासून जितके दूर तितके बरे. सादरीकरण चालू असताना मिक्सर लावू नये, एवढी एक विनंती मालक सहसा मान्य करतो. खुर्च्या अपेक्षेपेक्षा थोड्या कमी मांडा. चाळीस खुर्च्यांत पंचवीस माणसे विखुरली की कार्यक्रम पडल्यासारखा वाटतो. तीच माणसे वीस खुर्च्या आणि पुढे अंथरलेल्या एका सतरंजीवर बसली, तर खोली भरलेली दिसते आणि हसू एकाकडून दुसऱ्याकडे पसरते.

लहान गावात कॅफे नसला तरी अडत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे मान्यताप्राप्त वाचनालयांचे जाळे तयार झाले आहे, आणि त्यातल्या पुष्कळ वाचनालयांकडे छोटे सभागृह असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इथे मराठी संस्थांच्या वास्तू आहेत. मात्र अशा ठिकाणी कार्यक्रम फक्त मराठीतच व्हावा असा आग्रह होऊ शकतो. माझे मत विचाराल, तर भाषा मोकळ्या ठेवाव्यात. सादर करणाऱ्याने आधी दोन वाक्यांत विषय सांगावा आणि मग आपल्या भाषेत, आपल्या लयीत म्हणावे. पूर्ण भाषांतर वाचून दाखवू नये. त्यात वेळ दुप्पट जातो आणि कविता निम्मी उरते.

आवाजाची व्यवस्था

तीस जणांच्या खोलीत माइक लागतोच असे नाही, असे खणखणीत आवाजाचे लोक सांगतात. हळू बोलणाऱ्यांनाही विचारा. माइकमुळे लाजणाऱ्या माणसाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून तो असावा.

महागडी सामग्री लागत नाही. एक साधा डायनॅमिक माइक, सरळ स्टँड, लांब केबल आणि अँप्लिफायर आत असलेला एक स्पीकर पुरतो. गावातल्या मंडपवाल्याकडे हे भाड्याने मिळते. फक्त ‘लग्नाचा साउंड नको, भाषणाचा हवा’ हे त्याला समजावून सांगा, नाहीतर तो माणसाएवढे दोन स्पीकर उतरवून जाईल.

माइक शिट्या का मारतो, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. माइकने पकडलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर येतो. तोच पुन्हा माइकमध्ये शिरला की आणखी मोठा होऊन बाहेर पडतो, आणि हे चक्र क्षणात कर्कश शिटीपर्यंत पोहोचते. भाषणाचे माइक बहुधा समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा फार कमी घेतात. त्यामुळे स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा आणि माइक कधीही स्पीकरसमोर नेऊ नये. काही जण चित्रपटातल्या गायकासारखी माइकची जाळी मुठीत धरतात. जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जायला वाट असते, आणि तीवरच माइकची ‘मागचे न ऐकण्याची’ शक्ती अवलंबून असते. ती वाट बुजली की तो चहूकडून ऐकू लागतो आणि शिटी वाजते. म्हणून नवख्यांना एवढेच सांगा : दांडा धरा, तोंडापासून चार बोटे लांब ठेवा. फार जवळ आणला तर आवाजातला खर्ज फुगतो आणि शब्द अस्पष्ट होतात. लांब नेला तर आवाज वाढवावा लागतो आणि पुन्हा शिटी.

फरशी आणि काचा असलेली रिकामी खोली घुमते. चाचणीच्या वेळी घाबरू नका, माणसे भरली की घुमणे कमी होते. साध्या गिटारीसाठी दुसरा माइक लावायचा झाल्यास तो गिटारीच्या भोकावर रोखू नये. गळा आणि पेटी जिथे जुळतात त्या बाजूला रोखावा.

क्रम लावणे

क्रम लावणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम आहे, आणि बहुतेक आयोजक ते ‘आधी येईल त्याला आधी’ म्हणून सोडून देतात. ऐकायला ते न्याय्य वाटते. परिणामी आयोजकांचे मित्र पहिले, आणि लांबून येणारे शेवटी.

पहिले नाव सरावलेल्या माणसाचे असावे, कारण खोलीचा सूर त्याच्याकडून लागतो. पहिल्यांदाच सादर करणाऱ्यांना तिसऱ्या ते सातव्या क्रमांकात घ्यावे. तोपर्यंत श्रोते स्थिरावलेले असतात, आणि नवख्याला फार वेळ छातीत धडधड घेऊन बसावे लागत नाही. शेवटची बस असलेले मध्यंतराआधी. मध्यंतरानंतर लगेच गाणे ठेवले, तर बाहेर रेंगाळणारे आपोआप आत येतात. आणि ज्याला ऐकायला लोकांना आवडते अशा एकाला शेवटच्या दोनांत ठेवावे. मुशायऱ्याची जुनी युक्ती इथे जशीच्या तशी चालते. त्याला तसे आधी सांगून त्याची संमती घ्यावी, कारण जो सर्वांत छान सादर करतो त्यालाच बहुधा सर्वांत आधी जायचे असते!

एका विषयाच्या तीन कविता लागोपाठ आल्या, तर तिसरीवर अन्याय होतो. पावसाळ्यात हे हटकून घडते. म्हणून नावाबरोबर प्रकार आणि विषय एका शब्दात लिहून घ्यावा.

उरला प्रश्न मित्रमंडळींचा. एक जण चार मित्र आणतो, त्याचे झाले की पाचही जण उठतात. यावर कडक नियम टिकत नाही. आम्ही इतकेच करतो की एका गटातल्या दोघांनी नावे दिली असतील, तर एकाला मध्यंतराआधी आणि एकाला नंतर घेतो. शिवाय पुढच्या महिन्याची यादी कार्यक्रम संपल्यावरच उघडतो, त्याआधी मुळीच नाही. ज्याला पुढच्या वेळी जागा हवी, तो थांबतो.

सूत्रसंचालन

सूत्रसंचालकाने कमी बोलावे, हे सांगायला सोपे आहे. दोन सादरीकरणांमध्ये अर्धा मिनिट पुरते. त्यात आधीच्याचे आभार, पुढच्याचे नाव आणि त्यानंतर कोणी तयार राहायचे त्याचे नाव, इतकेच. आधीच्या कवितेचा अर्थ उलगडून सांगणे, चारोळी जोडणे, ‘वा, काय डोळ्यांत पाणी आणले’ अशी प्रशस्तिपत्रे देणे टाळावे. एकाला ‘अप्रतिम’ म्हटले आणि दुसऱ्याला नुसते ‘धन्यवाद’, तर दुसरा ते रात्रभर विसरत नाही. नाव मात्र नीट उच्चारावे. तुमच्या वर्गात मणिपूरची, केरळची, झारखंडची मुले असतील. नाव कसे उच्चारायचे हे त्यांनाच विचारून यादीत देवनागरीत लिहून घ्या. पहिल्यांदा मंचावर येणाऱ्याचे नाव चुकले, तर त्याची पहिली दहा सेकंदे तिथेच जातात.

सुरुवातीला नियम सांगायचे, ते असे चार वाक्यांत : “प्रत्येकाला पाच मिनिटे आहेत. चार मिनिटे झाली की मागून टॉर्च दिसेल, पाच झाली की मी उभा राहीन. कोणाच्या जातीवर, धर्मावर, शरीरावर किंवा समोर बसलेल्या कोणा व्यक्तीवर बोलून हसू मिळवायचे नाही. परवानगीशिवाय कोणाचेही चित्रीकरण करायचे नाही.” एवढे बोलून पहिले नाव पुकारावे.

आता वेळ पाळण्याबद्दल. वीस वर्षांच्या मुलाला थांबवणे सोपे असते. खरी कसोटी निवृत्त झालेल्या, प्रेमळ आणि फाइल घेऊन आलेल्या काकांच्या वेळी लागते. टॉर्च दिसला की ते तुमच्याकडे पाहून हसतात आणि ‘ही शेवटचीच’ म्हणतात. मग त्या शेवटच्या कवितेला प्रस्तावना असते. वयाने मोठ्या माणसाला भर सभेत तोडणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, आणि ते काकांनाही ठाऊक असते. यावर उपाय आधीच करावा लागतो. यादीत नाव घेतानाच त्यांच्याजवळ बसून विचारावे, “काका, पाच मिनिटांत दोन कविता बसतील. कोणत्या दोन वाचणार?” त्यांनी निवडल्या की त्याच दोन यादीत लिहाव्यात. तरीही लांबले तर पाच मिनिटांनंतर उभे राहावे, साडेपाचला मंचाच्या कडेला जावे आणि दोन कवितांमधल्या श्वासात टाळ्या सुरू कराव्यात. लोक सामील होतातच. “काका, उरलेल्या पुढच्या महिन्यात नक्की” असे म्हणत हात धरून खाली आणावे. हे पहिल्यांदा करताना हात थरथरतो. पण आठव्या क्रमांकाची तुमची दया बाविसाव्या क्रमांकाच्या खिशातून जाते, हे लक्षात ठेवले की जमते.

उलट प्रसंगही येतात. कोणी मधेच शब्द विसरतो, कोणाला रडू फुटते. तेव्हा धावून जाऊ नये. दहा सेकंद शांत राहावे, कारण बहुतेक जण स्वतःच सावरतात. नाही सावरले तर पाण्याचा ग्लास घेऊन जावे आणि हळूच विचारावे, “पुढे म्हणायचे आहे की नंतर पुन्हा येता?” कोणी नियम मोडून एखाद्या समाजावर किंवा समोर बसलेल्या मुलीवर घसरले, तर मात्र टॉर्चची वाट न पाहता माइक बंद करावा. दोन वाक्यांत कारण सांगावे, वाद मंचावर घालू नये आणि पुढचे नाव पुकारावे. स्पीकरचे बटण कोणाच्या हाताशी असेल हे म्हणूनच आधी ठरलेले असावे.

कायद्याच्या चार गोष्टी

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापरण्यास सूट आहे, पण गच्ची किंवा अंगण बंदिस्त नसते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते, आणि तिथे मर्यादा याहून कमी आहे. कॉलेजसमोरच्या कॅफेत कार्यक्रम घेणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. उघड्यावर कार्यक्रम असेल, तर आधी लेखी अर्ज देऊन लेखी परवानगी घ्यावी.

दुसऱ्याची रचना सादर करण्याचा प्रश्न येतो. भारतात साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले आणि मर्ढेकर १९५६ मध्ये, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत राहील. प्रकाशित कृतीतला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला, किंवा हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे कृती सादर करायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावले की ही दुसरी सवलत जाते. चित्रपटगीते गायची असतील, तर जागेच्या मालकाने संगीताचा परवाना घेतला आहे का ते विचारावे.

चित्रीकरणाबाबत मी जरा हट्टी आहे. सादर करणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने वेगळा हक्क आहे, म्हणून त्याच्या संमतीशिवाय ते ध्वनिमुद्रित करू नये. यादीत ‘चित्रीकरण : हो / नाही’ असा रकाना ठेवा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या वेळी कॅमेरा खाली ठेवलेला दिसू द्या. कच्ची कविता तीस लोकांसमोर वाचायची हिंमत असलेल्या मुलीची ती घरच्यांच्या फोनवर पोहोचावी अशी तयारी असेलच असे नाही.

पैसे आणि पुढचा महिना

काही शहरांत सादर करणाऱ्यांकडूनच नोंदणी शुल्क घेतात. जागेचे भाडे असते, हे खरे. पण ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते त्याच्याचकडून पैसे घेणे मला पटत नाही. खर्च श्रोत्यांमध्ये वाटावा, किंवा मध्यंतरात डबा फिरवावा आणि जमलेली रक्कम त्याच रात्री मोठ्याने सांगावी.

पहिल्या कार्यक्रमाला उत्सुकतेने गर्दी होते. दुसऱ्याला निम्मे लोक येतात आणि तिसऱ्याला बारा. इथे बहुतेक गट थांबतात. वार आणि वेळ बदलू नका. ‘महिन्याचा दुसरा मंगळवार, सात वाजता’ हे लोकांच्या अंगवळणी पडायला पाच-सहा महिने लागतात. परीक्षेच्या महिन्यातही दिवा लावा, पाच नावे आली तरी पाचच घ्या आणि आठ वाजता घरी जा. सूत्रसंचालन दर वेळी दुसऱ्याकडे द्या, नाहीतर तुम्ही पदवी घेऊन गाव सोडाल त्या दिवशी मंचही तुमच्याबरोबर जाईल. टॉर्च धरणाऱ्याला पुढच्या महिन्यात यादी द्यावी आणि त्याच्या पुढच्या महिन्यात माइक, अशी आमची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत तीन आकडे लिहावेत : सुरुवातीला किती माणसे होती, मध्यंतरानंतर किती, आणि शेवटच्या नावाच्या वेळी किती. मग मालकाला फोन करून विक्री कशी झाली ते विचारावे आणि पुढची तारीख पक्की करून घ्यावी.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एक जागा निवडा. तिचा आराखडा काढून दार, मंच, स्पीकर आणि श्रोत्यांची बैठक दाखवा, आणि मंदीचा वार कोणता हे मालकाशी बोलून लिहा.

२. तुमच्याकडे सहा ते आठ अशी १२० मिनिटे आहेत आणि १९ नावे आली आहेत. त्यांपैकी तिघे वाद्य घेऊन येणार आहेत, चौघे पहिल्यांदाच सादर करणार आहेत आणि दोघांची शेवटची गाडी साडेसातची आहे. किती नावे घ्याल? क्रम लावा, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना काय सांगाल ते शब्दशः लिहा.